अदृश्य अग्नि आणि मनुष्याची सावधगिरी

विस्तवाला हात लागला कीं तो आपोआप मागें येतो. लहान मुलाला हें शिकवावें लागत नाहीं. वेदना हीच त्याची पहिली शिक्षिका. अग्नि, विष, शस्त्र आणि श्वापद यांपासून मनुष्यजातीनें हजारों वर्षें आपला बचाव केला तो डोळे, कान, नाक आणि त्वचा या पहारेकऱ्यांच्या भरंवशावर. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनुष्याच्या हातीं असा एक अग्नि आला कीं, ज्याला ज्वाळा नाहीं, धूर नाहीं, वास नाहीं, आणि जो शरीरांत शिरतांना बहुधा कसलीच जाणीव होत नाहीं. त्याची खूण उमटते ती कांहीं तासांनीं, कांहीं दिवसांनीं, आणि पुष्कळदां तर वीस-पंचवीस वर्षांनीं. जेथें ज्ञानेंद्रियें मुकीं होतात तेथें बचावाचें साधन एकच उरतें. ज्याला ठाऊक आहे त्यानें ज्याला ठाऊक नाहीं त्याला वेळेवर सांगणें. किरणोत्सर्गापासून संरक्षणाचा इतिहास बारकाईनें पाहिला तर तो या सांगण्याचा आणि न सांगण्याचा इतिहास आहे.

ता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्ट्‌झबर्ग येथें प्रोफेसर विल्हेल्म राँटगेन यांना आपल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेंत दूर ठेवलेला एक पडदा चमकतांना दिसला. विजेची नळी तर काळ्या कागदानें पूर्ण झांकलेली होती. या अज्ञात किरणांना त्यांनीं ‘क्ष’ हें नांव दिलें. त्याच वर्षीं २२ डिसेंबरला त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्यांत बोटांचीं हाडें आणि आंगठी स्पष्ट उमटलीं. ही वार्ता कांहीं आठवड्यांत साऱ्या जगांत पसरली. डॉक्टरांना मोडलेलें हाड आणि रुतलेली गोळी दिसूं लागली. जत्रेंतील तमासगीर लोकांना त्यांचेंच हाडूक दाखवून पैसे मिळवूं लागले. ज्या प्रकाशानें देह पारदर्शक होतो तोच प्रकाश देहाला जाळूंही शकेल, ही शंका त्या आनंदाच्या भरांत फारच थोड्यांना आली.

शंका आली ती हातांवरून. त्या काळीं नळी नीट चालते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चालक आपलाच हात किरणांपुढें धरी. अमेरिकेंत थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेंत क्लॅरेन्स डॅली नांवाचा कांचकाम करणारा कुशल कारागीर होता. नळ्या तयार करणें आणि त्या तपासणें हें त्याचें रोजचें काम. प्रथम त्याचे केस गळले, मग हातांवर फोड आले, फोडांचे व्रण झाले आणि व्रणांचा कर्करोग झाला. एक हात दुखावला म्हणून तो दुसऱ्या हातानें काम करीत राहिला. शेवटीं हात कापावे लागले, तरीहि रोग थांबला नाहीं, आणि १९०४ सालीं वयाच्या ३९ व्या वर्षीं तो मरण पावला. एडिसन यांनीं त्यानंतर क्ष-किरणांचें काम सोडून दिलें. जगांतील या श्रेष्ठ संशोधकाला भीति वाटावी अशी वस्तु इतरत्र मात्र पूर्वींप्रमाणेंच हाताळली जात होती.

असें होण्याचें एक कारण होतें. ही भाजणी क्ष-किरणांमुळें होत नसून यंत्रांतील विजेमुळें किंवा ओझोन वायूमुळें होते, असें मत अनेक विद्वान मांडीत होते. या मताला छेद देणारा मनुष्य भेटला तो बोस्टन शहरांतील एक दंतवैद्य. त्याचें नांव विल्यम रोलिन्स. १९०१ सालीं त्यानें गिनीपिग जातीच्या प्राण्यांवर प्रयोग करून दाखवून दिलें कीं, अंगावर भाजल्याची खूण नसतांहि हे किरण प्राण घेऊं शकतात. नळी किरणांना अडविणाऱ्या पेटींत बंद करावी, चालकानें किरणरोधक कांचेचा चष्मा लावावा, आणि रोग्याच्या ज्या भागाचें चित्र घ्यावयाचें नाहीं तो भाग झांकून ठेवावा, असे त्याचे सल्ले होते. पुढें इस्पितळांत असेच नियम रूढ झाले. परंतु त्या दंतवैद्याचे शब्द पुष्कळ वर्षें मासिकांच्या पानांतच राहिले, आणि दरम्यान डॉक्टर, परिचारिका व यंत्रचालक एकामागून एक बळी पडत गेले. ता. ४ एप्रिल १९३६ रोजीं हँबर्ग शहरांतील सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारांत त्यांच्या स्मरणार्थ एक शिलास्तंभ उभारण्यांत आला. त्यावर आरंभीं १६९ नांवें कोरलेलीं होतीं. पुढें त्यांत भर पडत गेली.

इतकी किंमत दिल्यानंतर नियम आले. १९२१ सालीं इंग्लंडांत यासाठीं एक समिति नेमली गेली, आणि १९२८ सालीं स्टॉकहोम येथील परिषदेंत आंतरराष्ट्रीय समितीची स्थापना झाली. १९३४ सालीं या समितीनें काम करणारास दररोज ०.२ राँटगेन एवढी मात्रा सोसण्याजोगी मानली. आजच्या नियमांच्या मानानें ही मर्यादा कितीतरी पट सैल होती. तथापि ‘अमुक याच्यापुढें जाऊं नये’ असें आंकड्यांत सांगितलें गेलें, हेंच मोठें पाऊल होतें.

ही कथा झाली शरीराबाहेरून येणाऱ्या किरणांची. परंतु या अग्नीला शरीरांत शिरून मुक्काम करण्याचाहि मार्ग आहे, आणि तो धडा मनुष्यजातीला रेडियमनें दिला. १८९८ सालीं मारी व पिएर क्यूरी यांनीं या द्रव्याचा शोध लावला. १९०१ सालीं बेकरेल या शास्त्रज्ञानें रेडियमची लहानशी नळी कोटाच्या आंतील जाकिटाच्या खिशांत ठेवली, तर कांहीं दिवसांनीं त्याच जागीं त्वचेवर व्रण उमटला. पिएर क्यूरी यांनीं मुद्दाम आपल्या हातावर हा प्रयोग करून पाहिला. वाढत्या गांठींवर या द्रव्याचा उपयोग होतो हें यांतूनच कळलें, आणि कर्करोगाच्या उपचाराचें एक नवें दार उघडलें. पण लोकांनीं याचा अर्थ भलताच लावला. रेडियम म्हणजे मूर्तिमंत शक्ति, असा समज पसरला आणि रेडियमचें पाणी औषध म्हणून बाटल्यांतून विकलें जाऊं लागलें. अमेरिकेंतील एबन बायर्स हा धनाढ्य गृहस्थ असें पाणी कित्येक वर्षें नित्यनेमानें पीत होता. त्याच्या जबड्याचें हाड झिजून गेलें, आणि १९३२ सालीं तो मरण पावला.

बायर्सच्या मरणाचा गवगवा झाला. परंतु त्याच्या आधीं दहा वर्षें, न्यू जर्सी संस्थानांतील ऑरेंज या गांवीं, गरीब घरच्या मुली त्याच रोगानें मरत होत्या. पहिल्या महायुद्धाच्या काळांत अंधारांत वेळ दिसणाऱ्या घड्याळांना मोठी मागणी आली. तबकडीवरील आंकडे रेडियममिश्रित रंगानें रंगविण्याचें काम १९१७ पासून तेथील कारखान्यांत मुली करीत. आंकडे बारीक, म्हणून कुंचल्याचें टोंक सुईसारखें हवें. तें ओठांत धरून टोंकदार करावें अशीच शिकवण त्यांना दिली जाई. प्रत्येक वेळीं रंगाचा सूक्ष्म कण पोटांत जाई. संध्याकाळीं त्या घरीं परतत तेव्हां त्यांचे केस आणि कपडे अंधारांत चमकत, आणि त्याचें त्यांना मोठें कौतुक वाटे. त्याच इमारतींत शुद्ध रेडियम हाताळणारे रसायनज्ञ मात्र शिशाचे पडदे व लांब चिमटे वापरीत असत. एकाच छपराखालीं ज्ञान आणि अज्ञान शेजारीं शेजारीं बसलें होतें, आणि मध्यें फक्त एक भिंत होती.

रेडियम हें रासायनिक दृष्ट्या चुन्याच्या धातूचें, म्हणजे कॅल्शियमचें, भावंड आहे. शरीर फसतें आणि तें हाडांत सांठवून ठेवतें. त्याचे मुख्य किरण इतके दुबळे कीं त्वचेचा वरचा पापुद्राहि त्यांना अडवितो. पण हाडांतच ठाण मांडल्यावर तेच किरण मज्जेला रात्रंदिवस भाजीत राहतात. १९२२ पासून मुलींचे दांत पडूं लागले, जबडे कुजूं लागले, साध्या हालचालीनें हाडें मोडूं लागलीं. एका मुलीच्या मृत्यूच्या दाखल्यावर तर भलत्याच लज्जास्पद रोगाचें नांव लिहिलें गेलें. पांच वर्षांनीं तिचें प्रेत उकरून काढलें तेव्हां हाडांत रेडियम आढळलें. १९२४ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या तज्ज्ञांनीं कारखान्याची पाहणी करून दोष कारखान्याकडे असल्याचें कळविलें. मालकांनीं तो अहवाल दाबून ठेवला. अखेर १९२५ सालीं डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनीं या मुलींच्या उच्छ्वासांत किरणोत्सर्गी वायु मोजून दाखविला आणि कारण निर्विवाद सिद्ध केलें.

ग्रेस फ्रायर या मुलीला वकील मिळवितांनाच दोन वर्षें लागलीं. १९२७ सालीं तिनें आणखी चौघींसह फिर्याद दाखल केली. नुकसानीची मुदत केव्हांच संपून गेली, असा बचाव कंपनीनें केला. जो रोग अनेक वर्षें लपून बसतो, त्याला दोन वर्षांची मुदत! पुढच्या वर्षीं तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर, वार्षिक ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च मिळाला. इलिनॉय संस्थानांतील ओटावा गांवीं दुसऱ्या एका कंपनीच्या मुलींच्या लढ्याचा निकाल तर १९३८ सालीं लागला. तेथें मुलींची वैद्यकीय तपासणी झाली होती, पण तिचे निकाल त्यांना सांगण्यांत आले नव्हते. फिर्यादी कॅथरीन डोनाह्यू हिला न्यायाधिकाऱ्यापुढें भोंवळ आली, म्हणून पुढील साक्ष तिच्या बिछान्याजवळ घेण्यांत आली. निकाल तिच्या बाजूनें लागला. त्याच वर्षीं ती वारली.

या मुलींच्या हाडांनीं जगाला एक आंकडा दिला. त्यांच्या शरीरांतील रेडियमच्या मोजमापावरून १९४१ सालीं अमेरिकेंत असें ठरविण्यांत आलें कीं, मनुष्याच्या शरीरांत एका ग्रॅमच्या एक कोटीव्या भागापेक्षां अधिक रेडियम असूं नये. पुढें अणुबाँबच्या कारखान्यांत प्लुटोनियम हाताळणाऱ्या हजारों कामगारांसाठीं जे नियम झाले, त्यांना आधार याच मापाचा होता.

तो बाँब ता. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर आणि तीन दिवसांनीं नागासाकीवर पडला. आगींतून व पडझडींतून जे धडपणें वांचले होते, त्यांपैकीं अनेकजण दोन-तीन आठवड्यांनीं आजारी पडूं लागले. केस गळत, अंगावर जांभळे डाग पडत, हिरड्यांतून रक्त येई, घशांत व्रण होत. किरणोत्सर्गाच्या आजाराचें रूप यानंतर वैद्यकाला नीट कळलें. ज्या पेशी झपाट्यानें वाढतात, म्हणजे हाडांतील मज्जा, आंतड्याचें अस्तर आणि केसांचीं मुळें, त्यांवर पहिला घाव पडतो. आरंभीं मळमळ व ओकारी होते. मग कांहीं दिवस रोगी बरा झाल्यासारखा दिसतो. आणि त्यानंतर रक्तस्राव व जंतुसंसर्ग त्याला गांठतात. मधली ही उसंत म्हणजे आरोग्य नव्हे. मोठी मात्रा लागल्याची शंका असेल तर बरें वाटत असतांनाच रोग्याला इस्पितळांत न्यावें, हा त्यांतला धडा आहे.

साऱ्या अनुभवाचें सार शास्त्रज्ञांनीं तीन शब्दांत सांठविलें आहे. वेळ, अंतर आणि आडोसा. किरणांजवळ निम्मा वेळ थांबावें, मात्रा निम्मी होते. लहानशा उगमापासूनचें अंतर दुप्पट करावें, मात्रा चौथाईवर येते. तिप्पट करावें, नवव्या हिश्शावर येते. आणि मध्यें शिसें, काँक्रीट, वीट, माती किंवा पाणी यांचा जाड आडोसा असावा. घड्याळें रंगविणाऱ्या मुलींच्या धड्यामुळें यांत चौथा नियम मिळाला. किरणोत्सर्गी धूळ तोंडांत, नाकांत किंवा जखमेंत जाऊं देऊं नये. नियम सोपे आहेत. परंतु ते पाळावयाचे तर धोका समोर आहे हें आधीं कळलें पाहिजे.

न कळल्यानें काय होतें हें ता. २६ एप्रिल १९८६ रोजीं दिसून आलें. युक्रेनमधील चेर्नोबिल येथील अणुभट्टी पहाटेपूर्वीं फुटली. जवळच्या प्रिप्यात शहरांत सुमारें ४९,००० लोक राहत होते. तो शनिवार होता; लोक नेहमींप्रमाणें बाहेर पडले, मुलें अंगणांत खेळलीं. शहर रिकामें करण्यास आरंभ झाला तो दुसऱ्या दिवशीं दुपारीं. अपघाताच्या रात्रीं काम करणाऱ्या कामगारांपैकीं व अग्निशामकांपैकीं १३४ जणांना किरणोत्सर्गाचा आजार झाला. त्यांतील २८ जण पहिल्या कांहीं महिन्यांत वारले. पण पुढें अधिक व्यापक हानि झाली ती दुधामुळें. हवेंतून आलेलें किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर बसलें, गवतांतून गाईच्या दुधांत आलें आणि दुधांतून मुलांच्या गळ्यांतील थायरॉईड ग्रंथींत सांठलें. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनीं निम्मा होतो. म्हणजे कांहीं आठवडे दूध बंद ठेवलें असतें तरी पुष्कळ अनर्थ टळला असता. तसें वेळेवर झालें नाहीं, आणि पुढील वर्षांत हजारों मुलांना त्या ग्रंथीचा कर्करोग झाला. सुदैवानें बहुतेकजण उपचारांनीं वांचले. शेजारच्या पोलंडनें मात्र ता. २९ एप्रिलपासून एक कोटीहून अधिक मुलांना साधें आयोडीन पाजलें आणि जनावरांच्या ताज्या दुधावर निर्बंध घातले. ग्रंथि आधींच साध्या आयोडीननें भरलेली असली कीं किरणोत्सर्गी आयोडीनला तेथें जागा उरत नाहीं, इतकीच त्यामागील युक्ति.

मात्र या गोळीला कवचकुंडलें समजूं नये. ती एकाच ग्रंथीचें, एकाच द्रव्यापासून रक्षण करते, आणि तेंहि वेळेवर घेतली तरच. २०११ सालीं जपानांतील फुकुशिमा येथें अपघात झाला तेव्हां चीनमधील लोकांनीं आयोडीनयुक्त मिठासाठीं दुकानांवर झुंबड केली. त्या मिठांतील अल्प आयोडीनचा या कामीं कांहींच उपयोग नव्हता. फुकुशिमाजवळच्या इस्पितळांतून वृद्ध रोग्यांना घाईघाईनें हलवितांना त्यांतील कित्येक दगावले, हेंहि विसरतां येत नाहीं. अज्ञान जसें मारतें, तशी घबराटहि मारते.

अणुभट्टी दूर असली म्हणून शहरांतील कुटुंबानें निर्धास्त राहावें असें नाहीं. १९८७ सालीं ब्राझीलमधील गोयानिया शहरांत एका सोडून दिलेल्या दवाखान्यांतून उपचाराचें यंत्र भंगारवाल्याकडे गेलें. आंतील सीझियमची पूड अंधारांत निळी चमकत होती. लोकांनीं ती नवलाई म्हणून वाटली, अंगाला लावली. ऑरेंजच्या मुलींना भुलविणारी चमक साठ वर्षांनीं पुन्हा माणसांना भुलवीत होती. चार जण मेले. १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली व त्यांतील २४९ जणांच्या शरीरावर किंवा शरीरांत तें द्रव्य आढळलें. भारतांतहि एप्रिल २०१० मध्यें दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारांत असेंच घडलें. एका विद्यापीठानें निकामी म्हणून विकलेल्या यंत्रांत कोबाल्ट शिल्लक होतें. कामगारांनीं तें फोडलें, एकाचा मृत्यु झाला आणि कित्येकजण आजारी पडले. तीन पाकळ्यांची धोक्याची खूण १९४६ सालीं अमेरिकेंत निर्माण झाली खरी; पण जिला अर्थच ठाऊक नाहीं अशा माणसाला ती फुलासारखी दिसते. म्हणून २००७ सालीं तिच्या जोडीला कवटी आणि पळणारा मनुष्य दाखविणारी नवी खूण योजण्यांत आली.

आज भारतांत क्ष-किरण यंत्रांवर देखरेख ठेवणारें अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून मुंबईंत आहे, आणि इस्पितळांतील यंत्रचालक छातीवर लावतात त्या मात्रा मोजणाऱ्या बिल्ल्याचें तंत्र तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत विकसित झालें. क्लॅरेन्स डॅलीला जें त्याच्या हातांनीं सांगितलें, तें आतां हा बिल्ला दुखण्याच्या आधीं सांगतो. गृहस्थानें लक्षांत ठेवावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. डॉक्टरांनीं आवश्यक म्हणून सांगितलेली क्ष-किरण तपासणी भीतीनें टाळूं नये. पण निष्कारण करवूंहि नये, पूर्वींचीं चित्रें जपून ठेवावीं, आणि गर्भवती स्त्रीनें तसें आधीं सांगावें. भंगारांत किंवा रस्त्यांत सीलबंद, आकारमानाच्या मानानें फार जड किंवा आपोआप चमकणारी वस्तु आढळल्यास तिला हात लावूं नये. दूर जाऊन पोलिसांना कळवावें. अपघाताची सूचना मिळाल्यास पक्क्या घरांत जावें, दारें-खिडक्या लावाव्या आणि खिडक्यांपासून दूर, मधल्या खोलींत बसावें. बाहेरून आलेल्यानें वरचे कपडे उतरवून पिशवींत बंद करावे, आणि त्वचा न खरवडतां साबण व पाण्यानें अंग धुवावें. झांकलेलें अन्न-पाणी घ्यावें, आयोडीनची गोळी अधिकाऱ्यांनीं सांगितल्यावरच घ्यावी, आणि पुढील सूचना रेडिओवर ऐकाव्या.

गोयानियांत आणखी जीव गेले नाहींत याचें श्रेय एका स्त्रीला आहे. ती भंगारवाल्याची पत्नी. घरांत एकामागून एक माणूस आजारी पडतो हें तिनें पाहिलें आणि तिला त्या चमकणाऱ्या पुडीचा संशय आला. ता. २८ सप्टेंबर १९८७ रोजीं तिनें तो जड तुकडा पिशवींत घालून बसनें आरोग्यखात्याच्या कचेरींत नेववला, आणि यानेंच माझीं माणसें मरत आहेत, अशी तक्रार केली. दुसऱ्याच दिवशीं एका पदार्थविज्ञानतज्ज्ञानें मोजमाप केलें व सारें शहर सावध झालें. ती स्त्री पुढें महिन्याभरांत मरण पावली. ओटावा गांवीं २०११ सालीं हातांत कुंचला घेतलेल्या एका मुलीचा पुतळा उभारण्यांत आला आहे. तिच्यासारख्या मुलींच्या थडग्यांतील रेडियमचा जोर निम्म्यावर येण्यास सुमारें १६०० वर्षें लागावयाचीं आहेत. तोंवर त्या हाडांचें सांगणें चालूच राहील.